लॅपटॉपचं बटण दाबलं, पण लिनक्सने ओळखलंच नाही

गणपतीत भाचा आला तो लॅपटॉप बगलेत मारूनच. ऑफिसांनी वापरून काढून टाकलेले मिळतात ना, तसला. जुना पण दणकट. त्यावर त्याने लिनक्स मिंट टाकलं होतं. "मामा, सगळं चालतंय, फक्त माइक बंद करायचं बटण मेलंय. ऑनलाइन क्लासमध्ये दरवेळी माउस शोधत बसावं लागतं."

बटण मेलेलं नव्हतं. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली, त्याला बटण दाबायला सांगितलं, आणि कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, लगेच दोन ओळी छापल्या: अनोळखी की दाबली गेली, कोड ८१. म्हणजे निरोप पोचत होता, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. हॉटकीच्या, म्हणजे माइक-ब्राइटनेस अशा खास कामांच्या बटणांच्या, बहुतेक तक्रारी अशाच असतात. नवीन माणूस मात्र थेट नेटवरच्या कमांडी चिकटवत सुटतो. निरोप कुठे अडतोय ते आधी बघा, उपाय नंतर.

एक खुलासा. कमांडी, फाइलींची नावं आणि कर्नलचे संदेश मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीच टाकायचे. मुद्दाम सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

बटण कुठून कुठे जातं

साधी अक्षरं कीबोर्डच्या जुन्या वाटेने येतात. ती वाट सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचं नाव एटीकेबीडी. भाच्याचं माइकचं बटण याच वाटेवर होतं. ब्राइटनेस, पंखा, विमान मोड अशी बटणं मात्र पुष्कळदा कीबोर्डवरून येतच नाहीत. ती फर्मवेअरमधून (यंत्राच्या चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर), एसीपीआय किंवा डब्ल्यूएमआय नावाच्या वाटेने येतात आणि त्यांना कंपनीनुसार वेगळा ड्रायव्हर लागतो: थिंकपॅड_एसीपीआय, आयडियापॅड_लॅपटॉप, आसूस_एनबी_डब्ल्यूएमआय, डेल_डब्ल्यूएमआय, एचपी_डब्ल्यूएमआय, एसर_डब्ल्यूएमआय. शिवाय इंटेल_एचआयडी आणि इंटेल_व्हीबीटीएन हे दोन, जे अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर सापडतात. तिसरी वाट एचआयडीची, म्हणजे यूएसबी किंवा आय२सी वरून येणारे कीबोर्ड आणि सेन्सर.

वाट कुठलीही असो, पुढे सगळं कर्नलच्या इनपुट विभागात गोळा होतं आणि /देव/इनपुट/ या फोल्डरमध्ये इव्हेंट०, इव्हेंट१ अशा नावांनी दिसतं. तिथून लिबइनपुट (हे इव्हेंट वाचून पुढे देणारी लायब्ररी), मग एक्स११ किंवा वेलँड (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था), आणि शेवटी तुमचा डेस्कटॉप.

एफएन बटणाबद्दल गैरसमज फार आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये एफएन ही स्वतंत्र की म्हणून लिनक्सपर्यंत येतच नाही. मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर ती आतल्या आत गिळतो आणि एफएन अधिक एफ५ मिळून तयार झालेला एकच कोड वर पाठवतो. तेव्हा एफएनला दुसरं काम लावू म्हणाल तर बहुधा जमणार नाही.

दहा मिनिटांच्या तपासण्या

बायोसमध्ये जाऊन एफ१ ते एफ१२ ची ओळ कुठल्या मोडवर आहे ते बघा. तिथे ॲक्शन की किंवा हॉटकी मोड असा पर्याय असतो. काही मॉडेलांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की तो पालटतो. "सगळ्याच हॉटकी एकदम गेल्या" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

मग ताज्या कर्नलचा लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता त्यावरूनच लिनक्स सुरू होतं) लावून तेच बटण दाबा. तिथे चाललं तर तुमचा प्रश्न कर्नल अपडेट करण्यापुरता आहे, आणि हा लेख इथेच मिटून चहा घ्यायला हरकत नाही. मी स्वतः हे सगळ्यात आधी करतो.

आणि ₹ चं चिन्ह. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर ते बहुधा ४ च्या बटणावर छापलेलं असतं. ते उमटत नसेल तर हॉटकीचा काही संबंध नाही. कीबोर्ड लेआउट अमेरिकन ठेवलाय, एवढंच. 'इंग्लिश, इंडिया, रुपयासह' हा लेआउट निवडा आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबा.

कान लावून बसा

टर्मिनल उघडा आणि ही कमांड द्या:

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. बरीच जुनी बडबड सरकेल, मग पडदा शांत होईल. आता ते बटण एकदा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नवी ओळ आली तर कर्नलला काहीतरी कळलंय.

काहीच आलं नाही तर इव्हटेस्ट. उबुंटू, मिंट, डेबियनवर एपीटीने, फेडोरावर डीएनएफने मिळतं.

सुडो इव्हटेस्ट

हा तुमच्या यंत्रावरच्या इनपुट साधनांची यादी दाखवतो आणि एक आकडा विचारतो. ती यादी नीट वाचा. 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' म्हणजे मुख्य कीबोर्ड. 'व्हिडिओ बस' म्हणजे ब्राइटनेसच्या बटणांची एक संभाव्य जागा. 'लिड स्विच' म्हणजे झाकण. शिवाय 'आसूस डब्ल्यूएमआय हॉटकीज', 'थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स', 'आयडियापॅड एक्स्ट्रा बटन्स', 'इंटेल एचआयडी इव्हेंट्स' असं काहीतरी असेल. एकेक साधन निवडून बटण दाबत जा. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांत बटण कुठल्या वाटेवर आहे ते पक्कं कळतं. सगळ्या साधनांवर एकदम नजर ठेवायची तर सुडो लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स.

सावधगिरी एकच: इव्हटेस्ट चालू असताना टाकलेला पासवर्डही त्यात अक्षर न् अक्षर छापला जातो. आउटपुट कुणाला पाठवण्याआधी वाचून घ्या.

कीबोर्डच्या वाटेवरचं अनोळखी बटण

भाच्याच्या लॅपटॉपवर डीमेसेजने छापलेलं असं होतं:

एटीकेबीडी सेरिओ०: अननोन की प्रेस्ड (ट्रान्सलेटेड सेट २, कोड ०एक्स८१ ऑन आयएसए००६०/सेरिओ०).
यूज 'सेटकीकोड्स ई००१ <कीकोड>' टू मेक इट नोन.

एकाच बटणाला इथे दोन नावं आहेत, ८१ आणि ई००१, आणि नवखे हमखास इथे अडखळतात. दोन्ही एकच. कोडच्या आधी ई० असेल तर ते काढून उरलेल्या आकड्यात ८० मिळवायचे, सोळाच्या पद्धतीत. ०१ अधिक ८० म्हणजे ८१. सेटकीकोड्सला ई००१ लागतं, आणि पुढे जी कायमची फाइल लिहायची तिथे ८१.

आधी तात्पुरता प्रयोग:

सुडो सेटकीकोड्स ई००१ १९०

१९० हा एफ२० या कीचा कर्नलमधला क्रमांक. हो, एफ२०. कीबोर्डवर नसलेली ती की माइकसाठी का, ते पुढे येतंच. कमांड दिल्यावर भाच्याने बटण दाबलं आणि पडद्यावर माइकवर काट मारलेलं चित्र उमटलं. "झालं?" झालं नव्हतं, रीस्टार्ट केलं की हे पुसलं जातं.

कायमचं करायला यूडेवची (लिनक्समध्ये जोडलेली साधनं सांभाळणारा भाग) हार्डवेअर नोंदवही वापरायची, एचडब्ल्यूडीबी. सिस्टिमची स्वतःची मोठी फाइल ६०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी. तिला हात लावू नका, अपडेटमध्ये तुमचे बदल उडतील. ती उघडून वाचा मात्र जरूर. तुमच्याच कंपनीच्या भावंड मॉडेलची नोंद तिथे सापडली तर निम्मं काम झालं.

तुमची फाइल /ईटीसी/यूडेव/एचडब्ल्यूडीबी.डी/ या फोल्डरमध्ये ९०-माझा.एचडब्ल्यूडीबी अशा नावाने करा. ९० यासाठी की फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि नंतरची आधीचीला मात करते. आत दोनच ओळी:

इव्हडेव:एटीकेबीडी:डीएमआय:*एसव्हीएनकंपनी*:पीएनमॉडेल*
 कीबोर्ड_की_८१=एफ२०

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा हवीच. ती नसेल तर ओळ धरली जात नाही. 'कीबोर्ड_की_' एवढा भाग मोठ्या अक्षरांत, पुढचा कोड आणि कीचं नाव लहान अक्षरांत. कंपनी आणि मॉडेल मनाने लिहू नका. ही फाइल बघा:

कॅट /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडएलियास

लांबलचक ओळ येईल. त्यात एसव्हीएनच्या पुढे कंपनी, पीएनच्या पुढे मॉडेल. इथे मॉडेलच्या नावातल्या मोकळ्या जागा गाळलेल्या असतात. लॅपटॉपच्या स्टिकरवरून बघून दोन शब्दांत जागा सोडून लिहिलंत की जुळणी होत नाही, आणि कुठेही एरर येत नाही. माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

मग:

सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट
सुडो यूडेवएडीएम ट्रिगर /देव/इनपुट/इव्हेंट३

३ च्या जागी तुमच्या कीबोर्डचा आकडा. लागू झालं का ते बघायला यूडेवएडीएम इन्फो आणि पुढे तोच पत्ता. उत्तरात तुमची ओळ दिसली पाहिजे.

काही बटणं दाबल्याचा कोड पाठवतात, सोडल्याचा पाठवतच नाहीत. मग आवाज वाढवायला एकदा दाबलं की तो वाढतच जातो. तिथे कीच्या नावाआधी उद्गारचिन्ह लावायचं, =!व्हॉल्यूमअप असं; बटण लगेच सुटलं असं कर्नल धरून चालतो. आणि ज्या कोडचं तुम्हाला काही करायचं नाही, नुसती लॉगमधली कटकट थांबवायची आहे, त्याला अननोन हे नाव द्या.

एफ२० का

भाच्याने आधी साहजिकच 'मायक्रोफोन बंद' या अर्थाचं मायकम्यूट हे नाव घालून बघितलं होतं. नाव बरोबर, इव्हटेस्टमध्ये की दिसते, पण मिंटचा डेस्कटॉप ढिम्म. मायकम्यूटचा कर्नलमधला क्रमांक २४८. एक्स११ प्रत्येक क्रमांकात ८ मिळवतं, म्हणजे २५६. आणि एक्स११ ची हद्द २५५ ला संपते. एका आकड्याने हुकलं! म्हणून लिनक्सवाल्यांनी रिकाम्या पडलेल्या किल्ल्या कामाला लावल्या: माइकसाठी एफ२०, टचपॅड चालू-बंद करायला एफ२१, नुसतं चालू करायला एफ२२, नुसतं बंद करायला एफ२३.

नव्या लॅपटॉपवरची कोपायलट की याच घोळात सापडली. ती डावी विंडोज की, डावी शिफ्ट आणि एफ२३ असे तीन कोड एकदम पाठवते. तेव्हा कोपायलट दाबल्यावर टचपॅडचा विषय निघाला तर दचकू नका.

डब्ल्यूएमआयवाले

डीमेसेजमधली ओळ आसूस_डब्ल्यूएमआय, डेल_डब्ल्यूएमआय अशा नावाने सुरू होऊन 'अननोन की' म्हणत असेल, तर वरची युक्ती बहुधा चालणार नाही. या ड्रायव्हरांकडे ओळखीच्या कोडांची ठराविक यादी असते. यादीतल्या बटणाचं काम एचडब्ल्यूडीबीने बदलता येतं. यादीतच नसलेलं बटण बाहेरून घालता येत नाही. इव्हटेस्टमध्ये ते क्रमांक २४०, म्हणजे 'अननोन' म्हणून दिसतं आणि तिथेच राहतं. यावर इलाज ड्रायव्हरमध्येच एक ओळ वाढवण्याचा. म्हणून नवा कर्नल आधी बघा म्हणतो: ती ओळ कुणीतरी आधीच वाढवलेली असते.

थिंकपॅडवर 'अनहँडल्ड एचकी इव्हेंट' असा संदेश येतो तो दरवेळी बटणाचाच असतो असं नाही. १००१ पासूनचे कोड हॉटकींचे. ५००१ म्हणजे झाकण मिटलं, ५००२ म्हणजे उघडलं. ६०११ म्हणजे बॅटरी तापली आहे. ६००० च्या घरातला अनोळखी कोड दिसला तर बटणं दाबत बसण्याऐवजी तो कधी येतो ते टिपा: चार्जर लावताना, स्क्रीन उलटी दुमडताना, की लॅपटॉप मांडीवर तापल्यावर.

इव्हेंट येतो, काम होत नाही

ब्राइटनेसची की इव्हटेस्टमध्ये लख्ख दिसते, स्क्रीन मात्र तशीच. मग बटणाचा नाद सोडा. /सिस/क्लास/बॅकलाइट/ मध्ये काही आहे का बघा. रिकामं असेल, किंवा आतला आकडा बदलूनही उजेड बदलत नसेल, तर कर्नलला सुरू होताना एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह देऊन बघायचं, नाहीतर व्हेंडर, नाहीतर व्हिडिओ. एका वेळी एकच, आणि आधी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधीच्या मेनूच्या, पडद्यावर तात्पुरतं.

वायफायचं बटण असेल तर आरएफकिल लिस्ट. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑलने सुटतो. हार्ड ब्लॉक म्हणजे खरा स्विच, नाहीतर फर्मवेअर.

डेस्कटॉपपर्यंत पोचतंय का ते एक्स११ वर एक्सईव्ही आणि वेलँडवर डब्ल्यूईव्ही दाखवतं. तिथे दिसलं की बाकी काम कीबोर्ड शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये.

सेन्सर

पहिलं गमतीचं प्रकरण. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये यंत्र पडतंय हे ओळखून हार्ड डिस्क वाचवणारा सेन्सर असतो, आणि तो आपले निरोप चक्क कीबोर्डच्या वाटेने पाठवतो, ई०२५ ते ई०२८ या कोडांनी. लॅपटॉप उचलला की कुणीही न दाबलेल्या 'अनोळखी की' लॉगमध्ये येतात. एचपी_ॲक्सेल हा ड्रायव्हर लोड झाला की तो हे कोड वाटेतच गाळतो. तेव्हा लॉगमध्ये हेच चार कोड दिसले तर भूत शोधू नका, एलएसमॉड करून (लोड झालेल्या ड्रायव्हरांची यादी देणारी कमांड) हा ड्रायव्हर आहे का ते बघा.

दुसरं प्रकरण त्रासाचं: उलटा दुमडता येणारा लॅपटॉप, आणि त्याचा कीबोर्ड-टचपॅड एकाएकी मुका. लिनक्सला वाटतंय यंत्र टॅब्लेट झालंय. अशा वेळी लिबइनपुट आतला कीबोर्ड मुद्दाम बंद ठेवतं. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड चालतो, तो जोडून इव्हटेस्ट लावा. 'एसडब्ल्यू_टॅब्लेट_मोड' या ओळीपुढे स्टेट १ असेल आणि लॅपटॉप तर सरळ उघडलेला, तर चोर सापडला. /ईटीसी/लिबइनपुट/ मध्ये लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स ही फाइल करून त्या साधनापुरतं मॉडेलटॅब्लेटमोडस्विचअनरिलायबल=१ लिहिता येतं. हे नाव सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. स्विच इंटेल_व्हीबीटीएनचा असेल तर तो मॉड्यूल तेवढ्यापुरता काढून, कीबोर्ड परत येतो का, हेही तपासता येतं.

तिसरं, स्क्रीन चुकीच्या बाजूला फिरणं. आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी हे पॅकेज असल्याची खात्री करा आणि मॉनिटर-सेन्सर चालवा. ॲक्सेलरोमीटर सापडला तर लॅपटॉप हलवल्यावर नॉर्मल, बॉटम-अप, लेफ्ट-अप, राइट-अप असे शब्द येतील. सापडलाच नाही तर /सिस/बस/आयआयओ/डिव्हाइसेस/ रिकामं असेल. मग प्रश्न ड्रायव्हरचा. सापडला पण दिशा चुकतेय, तर कारखान्यात चिप फिरवून बसवलेली असते, आणि तिचे अक्ष जुळवायला एचडब्ल्यूडीबीतच ॲक्सेल_माउंट_मॅट्रिक्स (हे नाव मोठ्या अक्षरांत) द्यावं लागतं. जसं आहे तसं म्हणजे:

१, ०, ०; ०, १, ०; ०, ०, १

डावं-उजवं उलट असेल तर पहिल्या ओळीतला १ उणे करा. वर-खाली उलट असेल तर मधल्या ओळीतला. सगळंच काटकोनात फिरलं असेल तर पहिल्या दोन ओळींची अदलाबदल करा आणि चिन्हं चाचपडत जुळवा. मी कागदाच्या चिठ्ठीवर बाण काढून स्क्रीनला चिकटवतो, नाहीतर तिसऱ्या प्रयत्नाला आपली बाजू कुठली हेच कळेनासं होतं. नोंद कशी जुळवायची त्याचे नमुने ६०-सेन्सर.एचडब्ल्यूडीबी मध्ये भरपूर आहेत.

शब्द बरोबर येतात पण ग्नोम डेस्कटॉप स्क्रीन फिरवत नाही? टॅब्लेट-मोडचा स्विच असलेल्या यंत्रावर तो चालू झाल्याशिवाय ग्नोम फिरवतच नाही. लॅपटॉप पूर्ण दुमडून बघा.

जमलं की वर पाठवा

तुमची दोन ओळींची फाइल सिस्टिमडी प्रकल्पाकडे (यूडेव आणि ती नोंदवही त्यांचीच) पाठवली की पुढच्या आवृत्तीपासून त्या मॉडेलच्या सगळ्यांचं बटण आपोआप चालतं. डब्ल्यूएमआयच्या अनोळखी कोडांसाठी कर्नलच्या प्लॅटफॉर्म-ड्रायव्हर-एक्स८६ विभागाकडे कळवायचं. दोन्हीकडे मोडएलियासची ओळ, कर्नलची आवृत्ती, कुठल्या बटणाला कुठला कोड आणि बटणावर कुठलं चित्र छापलंय, एवढं द्या. 'माझ्याकडे चालत नाही' एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही.

भाच्याचा माइक आता एका बोटाने बंद होतो. बटणावरचा लाल दिवा मात्र लागत नाही, आणि आता तो त्याच्या मागे लागलाय. दिव्याचा हॉटकीशी संबंध नाही. त्याची चौकशी /सिस/क्लास/एलईडीज/ मध्ये करायची. तिथे प्लॅटफॉर्म::मायकम्यूट नावाचं काही असतं तर पुढे बघता आलं असतं. त्याच्या लॅपटॉपवर ते नाही.